किंदळीवरचं दुसरं घरटं

कॅमेरा घरात आला त्या पहिल्या आठवड्यात मी तो दोन वेळा विहिरीत टाकायला निघालो होतो. एकदा बायकोनं अडवलं, एकदा विहिरीवर वहिनी कपडे धूत होती म्हणून परत आलो. राग ही माझी जुनी खोड. तीस वर्षं सरकारी बसमध्ये कंडक्टर होतो. घाटातल्या वळणांवर उभं राहून पाट्या, कोंबड्या, पोती आणि माणसं एकाच दारातून चढवता-उतरवता जो स्वभाव तयार होतो, तो निवृत्तीच्या दिवशी गणवेशाबरोबर डेपोत जमा करता येत नाही. तो माझ्याबरोबर गुंदला आला. आमच्या मूळ घरी, जिथं माझा थोरला भाऊ, अण्णा, जन्मभर राहिला आणि मी फक्त सणावारी यायचो.

पुढून दोन दारं, मागं परसू एकच, असं आमचं घर आहे. कागदावर अर्धं अण्णाचं, अर्धं माझं. प्रत्यक्षात गोठा त्याचा, विहीर दोघांची आणि पिकलेला फणस ज्याला आधी दिसेल त्याचा. परसाच्या टोकाला, जिथून उतार आणि रान सुरू होतं, तिथं एक जुनं झाड आहे, किंदळ. आमच्या वडिलांनीही ती एवढीच मोठी पाहिली होती म्हणे. हे सगळं त्या किंदळीवरच घडलं.

कॅमेरा मुलीनं आणला. ती बेळगावला नोकरी करते. तिच्या ऑफिसात कुणीतरी नवा घेतला, त्याचा जुना हिनं लांब लेन्ससकट माझ्यासाठी घेतला. "बाबा, दिवसभर घरात बसून आईवर ओरडत असता. त्यापेक्षा परसात बसा आणि खारींचे फोटो काढा," म्हणाली. म्हणजे ती मला भेट नव्हती, आईला मिळालेली सुट्टी होती. हे माझ्या डोक्यात चार दिवसांनी शिरलं आणि मग मी मुलीशी दोन दिवस फोनवर बोललो नाही.

आमच्याकडे खारीला चानी म्हणतात. धुण्याच्या दगडाजवळ बायको उरलेला भात टाकते, त्यावर सकाळी पाच-सहा चान्या हमखास असतात. मी खुर्ची टाकून बसलो. वाटलं होतं, यात काय आहे, समोर बसलेली चानी, हातात कॅमेरा, बटन दाबायचं. बटन दाबेपर्यंत तिथं फक्त दगड असायचा. फार तर फोटोच्या कडेला शेपटाचं टोक. पहिल्या दिवशी मी दीडशे फोटो काढले आणि त्यातल्या एकाही चानीला तोंड नव्हतं. दुसऱ्या दिवशी ढगाळ होतं, तर कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा दिवा आपला आपण टपकन वर आला आणि लखकन पेटला. चान्या फणसावर, कावळे उडाले, गोठ्यातल्या म्हशीनं दावं ओढलं. तो दिवा बंद कसा करायचा हे मला कळेना. शेवटी बोटानं दाबून धरला, तर बोट फोटोत आलं.

"अवो, चानी काय तिकीट काढून बसलीया व्हय, एका जाग्यावर बसायला?" बायको म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. मी त्या दिवशी जेवलो नाही.

पण सोडलंही नाही. सोडलं असतं तर अण्णा जिंकला असता. अण्णा तसा एका शब्दानंही बोलला नव्हता. माझ्या खुर्चीच्या बाजूनं गवताचा भारा घेऊन जायचा, यायचा, कॅमेऱ्याकडे ढुंकूनही बघायचा नाही. मला तेच झोंबायचं. शिकलेल्या धाकट्या भावानं म्हातारपणी खेळणं घेतलंय, असा त्याचा चेहरा मला दिसायचा. आता वाटतं, त्याचा चेहरा नेहमीसारखाच असेल. पण तेव्हा मला तसा दिसायचा.

पुस्तिका वाचून, मुलीला दिवसातून तीनदा फोन करून, मी हळूहळू दिवा बंद करायला शिकलो. वेग वाढवायला शिकलो. दसऱ्याच्या सुमारास एका चानीचा फोटो मिळाला, भाताचं शीत दोन हातांत धरलेलं, मिशा मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट. मी तो बायकोला दाखवला, वहिनीला दाखवला, आणि अण्णाला दाखवायला गोठ्यात गेलो. त्याचे हात शेणानं भरलेले होते. लांबूनच मान हलवली आणि म्हणाला, "किंदळीवर शेकरू घर बांधतंया. त्येचा काढ की."

मला माहीतच नव्हतं. महिना झाला मी त्या परसात बसत होतो, आणि डोक्यावर शेकरू घर बांधत होतं.

शेकरू म्हणजे खारीचीच जात, पण मांजराएवढी. पाठ तांबडी-काळी, पोट पिवळसर, आणि शेपूट अंगापेक्षा लांब. जमिनीवर सहसा येत नाही, वरच्या वर झाडं बदलतं. आणि आमचं नशीब असं की दिवाळीच्या आगेमागे किंदळीला फळ धरतं ते गंजलेल्या लोखंडासारखं तांबडं. सगळं झाडच तांबडं. त्यात तांबडं शेकरू. मी कॅमेरा डोळ्याला लावून मान मोडेपर्यंत शोधायचो. कॅमेरा घर्र घर्र करत पुढच्या पानावर थांबायचा, मागच्या फांदीवर थांबायचा, सगळीकडे थांबायचा, शेकरूवर सोडून. ते वर मागच्या पायांनी लोंबकळून निवांत खात बसलेलं असायचं.

तरी मी रोज संध्याकाळी चारला खुर्ची किंदळीखाली न्यायचो ते अंधुक होईपर्यंत. शेकरूचं घरटं उंच बेचक्यात होतं, हिरव्या डहाळ्यांचा मोठा गोळा. ऊन कलायला लागलं की ते फणसावरून उडी घेऊन यायचं, एका ठरावीक फांदीवरून चालत जायचं आणि गोळ्यात शिरायचं. मी रोज त्याचे फोटो काढत होतो. चांगला एकही नाही, पण रोजची नोंद झाली. एक दिवस त्यातला एक फोटो बायकोनं चष्मा लावून पाहिला आणि म्हणाली, "ही बाई हाय. आन हिला पिल्लू हाय. आंचळं बघा की."

मी मोठं करून पाहिलं. खरंच होतं.

त्या दिवसापासून माझं डोकं दुसऱ्या कशात चाललं नाही. पिल्लू कधीतरी घरट्यातून तोंड बाहेर काढणार, आणि तो फोटो मी काढणार. आजवर मी आयुष्यात दुसऱ्यांना कुठंतरी पोहोचवलं होतं. हे एक काम माझं स्वतःचं होतं. बायकोही बदलली. कपडे वाळत घालायची दोरी तिनं किंदळीपासून काढून पुढच्या अंगणात बांधली. रोज संध्याकाळी विचारायची, "आलं का भाईर?"

मुलीनं मला फोनवरच्या एका ग्रुपमध्ये घातलं होतं. पशुपक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांचा ग्रुप. बेळगाव, धारवाड, गोवा, कुठकुठली माणसं. मी किंदळीवरच्या शेकरूचा फोटो टाकला. एकानं विचारलं, "यात शेकरू कुठे आहे?" दुसऱ्यानं, जो तिथं सगळ्यांना सल्ले द्यायचा, लिहिलं, "काका, आडव्या फांदीची पानं मध्ये येतायत. बाजू बदला. मोकळ्या फांदीवर बसलेलं मिळालं पाहिजे, डोळ्यात उजेड हवा."

काका म्हणाला याचा राग आला. बाजू बदला म्हणाला याचा जास्त आला. बाजू बदलायला तिथं होतं काय? डावीकडे गोठा, मागं विहीर, उजवीकडे काट्यांनी भरलेला उतार. मधली ती आडवी फांदी वरच्या घरट्याच्या बरोबर समोर होती, पानांनी आणि त्या तांबड्या फळांनी लगडलेली. रोज संध्याकाळी मी त्या फांदीकडे, जागा न देणाऱ्या प्रवाशाकडे बघावं तसा बघायचो.

दिवाळी झाली, भात झोडून झालं, की आमच्याकडे पाला तोडायला घेतात. हिरवा पाला गोठ्यात गुरांखाली अंथरायचा, त्याचं खत होतं, ते पुढच्या वर्षी भाताला जातं. किंदळीचा पाला त्याला चांगला. तोडणारा दरवर्षीचा तोच, पलीकडच्या वाडीतला, पन्नाशीचा, बोलायला कमी. एका सकाळी मी परसात आलो तर तो कमरेला कोयता लावून अण्णाबरोबर किंदळीखाली उभा. अण्णा वर बोट दाखवत होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कॅमेरा गळ्यात आपटत मी धावलो.

"चार भारे पाल्यासाठी घर मोडणार तू, अण्णा? वर पिल्लू हाय. डोळे हायत का न्हाईत तुला? मी हितं रोज बसतो ते काय उगाच बसतो?"

अजून पुष्कळ बोललो. वहिनी दारात आली. अण्णानं मला पूर्ण बोलू दिलं. मग काखेत धरलेली एक वस्तू काढली. नव्या भाताच्या काडाची वळलेली वेणी होती. ज्या झाडाला यंदा कोयता लावायचा नाही, त्याच्या बुंध्याला अशी वेणी बांधायची आमच्याकडची रीत आहे. घरटं असेल, पोळं असेल, देवाचं झाड असेल. वेणी दिसली की तोडणारा विचारत नाही, पुढच्या झाडाकडे जातो.

"शेकरूच्या झाडाला आपल्या घरानं कवा कोयता लावलाय?" अण्णा म्हणाला. "तू हितं नव्हतास, म्हून तुला ठावं न्हाई."

आणि माझ्यासमोर वाकून त्यानं वेणी बांधली. गुडघ्यानं त्रास दिला त्याला, बुंध्याला धरून उठला.

तिथंच मी "चुकलं" म्हणालो असतो तर संपलं असतं. पण चूक माझी असली की मला राग दुप्पट येतो. मी घरात गेलो आणि मुलीला फोन करून सांगितलं की तुझे काका शेकरूचं झाड तोडायला निघाले होते, मी होतो म्हणून वाचलं. हे तिला मी सांगितलं, आणि पुढं कधी दुरुस्त केलं नाही.

त्याच आठवड्यात पेन्शनीसाठी हयातीचा दाखला द्यायला जोयड्याला जावं लागलं. माणूस जिवंत आहे हे यंत्रावर अंगठा ठेवून सिद्ध करायचं. तीस वर्षं तिकिटं फाडून माझ्या अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या, यंत्र काही मला ओळखेना. दहा वेळा पुसून ठेवला. "नाळे बन्नि," कारकून म्हणाला, उद्या या. उद्या पुन्हा गेलो, पुन्हा तेच, शेवटी दुपारी कधीतरी दुसरं बोट लागलं. दोन्ही दिवस अंधार पडल्यावर गुंदला उतरलो. त्या दोन संध्याकाळी किंदळीखाली खुर्ची नव्हती. मला वाटलं, पिल्लू याच दोन दिवसांत बाहेर आलं असणार, आणि त्या यंत्रावर, कारकुनावर, जाता-येता जागा न दिलेल्या कंडक्टरवर मी सारखाच चिडलो.

तिसऱ्या दिवशी अण्णा आणि वहिनी खानापूरकडे गेले, वहिनीच्या माहेरी लग्न होतं. तोडणारा फणसाच्या पलीकडच्या झाडांवर काम करत होता. चारला मी खुर्ची टाकली. ऊन असं पडलं होतं की तसं त्या महिन्यात पडलं नव्हतं, तिरकं, पिवळं, थेट वरच्या घरट्यावर. आणि मध्ये ती फांदी.

त्या आडव्या फांदीवर, खोडापासून दोन हात अंतरावर, एक दुसरं घरटं होतं. जुनं, वाळून काळपट पडलेलं, एका बाजूनं लोंबणारं. मी ते पहिल्या दिवसापासून पाहत होतो आणि मोजत नव्हतो. शेकरू त्यात कधी गेलेलं मी पाहिलं नव्हतं. ती घरट्यात शिरताना नीट दिसते असे फोटो माझ्याकडे आठ संध्याकाळचे होते, आठही वेळा ती वरच्याच घरट्यात गेली होती.

मी तोडणाऱ्याला हाक मारली.

"ती आडवी तेवढी काढ."

त्यानं आधी बुंध्याकडे पाहिलं. "वेणी हाय की, कंडक्टर."

"वेणी वरच्या घरट्यासाठी हाय. हे खालचं रिकामं हाय."

"रिकामं कशावरनं?"

मी त्याला कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर आठही फोटो दाखवले. एकेक पुढं सरकवत गेलो. त्यानं घाम पुसलेल्या हातानं काच न शिवता वाकून पाहिलं.

"एका शेकरूची चार-चार घरं असत्यात," तो म्हणाला. "आज ह्यात, उद्या त्यात. अण्णास्नी येऊ दे, इचारू."

"अण्णाला काय इचारायचं? हे बघ, तारखेसकट हाय."

तारखेचं नाव काढल्यावर तो मागं सरला. त्याला वाचता येत नव्हतं, आणि मला ते माहीत होतं. वाद घालणारा तो माणूसच नव्हता. त्यानं कोयता कमरेला लावला आणि चढला. फांदीजवळ पोहोचल्यावर त्यानं कोयत्याच्या पाठीनं दोनदा ठोकलं आणि थांबला. काही हललं नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी हातानं खूण केली, चालू कर.

दोन-तीन घाव पडले असतील, तेवढ्यात फणसाकडून शेकरूचा आवाज आला. टकटकटकटक, न थांबता. ती फांद्यांवरून धावत येत होती. शेपूट झटकत, ओरडत, अगदी उघड्यावर. इतक्या जवळ ती मला कधीच आली नव्हती. तिला तसं ओरडायला काय कारण झालं हा प्रश्न मला पडायला हवा होता. मला पडला नाही. मी कॅमेरा वर केला आणि बटन दाबून धरलं.

फांदी कडकडत खाली आली.

माझ्याआधी तोडणारा पोहोचला. झाडावरून कसा उतरला मला दिसलंही नाही. जुनं घरटं फुटून उघडं पडलं होतं. बाहेरून वाळकं, आत मात्र ताज्या सालीचे धागे कुरतडून केलेली मऊ गादी. त्यात पिल्लू होतं. तळहाताएवढं, अंगावर लव नुकतीच आलेली, शेपूट अजून बारीक. मान एका बाजूला वळली होती. त्यानं ते उचललं आणि दोन्ही हातांत धरून बसला.

"ह्यात कसं आलं?" मी विचारलं. दोनदा विचारलं.

"हलवलं असंल," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला. "माणूस रोज खाली बसतंया म्हटल्यावर कुठलीबी आई हलवतीया. तुमी दोन दिस नव्हता, तवा आणून ठेवलं असंल."

मी त्याच्यावर ओरडलो. त्यानं आधी का सांगितलं नाही म्हणून ओरडलो. त्यानं सांगितलं होतं. हात जड आहे तुझा, फांदी दोरीनं धरून उतरवता येत नाही का, असं काय काय बोललो. गरीब माणसाला गप्प बसणं भाग आहे हे ओळखून जे बोलतात ते सगळं बोललो. ते आठवलं की आजही मला स्वतःची किळस येते. त्यानं पिल्लू माझ्या बायकोच्या पदरात ठेवलं, कोयता उचलला आणि बायकोनं केलेला चहा न घेता गेला. उरलेली झाडं त्यानं यंदा तोडली नाहीत.

शेकरू वर होती. ओरडणं थांबलं होतं. फांदी जिथून तोडली तिथं हातभर पांढरा खुंट उरला होता. ती त्या खुंटावर येऊन बसली, पुढचे दोन्ही पाय कापलेल्या जागेवर ठेवून, आणि खाली बघत राहिली. आडवं काही नव्हतं. ऊन तिच्या तोंडावर होतं.

आणि मी फोटो काढला. हे मी कुणाला सांगितलं नसतं तरी चाललं असतं. रडलो, असं काही लिहिता आलं असतं. रडलो नाही. इतक्या दिवसांत शिकलेलं सगळं त्या वेळी बरोबर जमलं, श्वास धरला, डोळ्यावर नेम घेतला आणि एकच काढला.

"आता तरी ठेवा की ते," बायको म्हणाली. पदरात पिल्लू धरून ती माझ्या मागंच उभी होती.

पिल्लू तिनं परसाच्या कोपऱ्यात पुरलं. मला बोलावलं नाही. शेकरू अंधार पडेपर्यंत खुंट, खोड, वरचं घरटं, परत खुंट अशी फिरत होती. सकाळी नव्हती. दोन्ही घरं सोडून गेली.

अण्णा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. पिशवी ओट्यावर ठेवली आणि सवयीनं परसात गेला. मी खिडकीतून बघत होतो, तोंडात उत्तरं तयार करून. तू नव्हतास. तोडणाऱ्याला कळायला हवं होतं. वेणी एका झाडाला बांधतात, फांदीला नाही. अण्णानं खुंट पाहिला, खाली पडलेली फांदी पाहिली, फुटलेलं घरटं पायानं नाही, हातानं उलटून पाहिलं. मग वाकला, बुंध्याची वेणी सोडली आणि गोठ्यात नेऊन म्हशीपुढं टाकली. आत आला, हात-पाय धुतले, लग्नात जेवण काय होतं ते माझ्या बायकोला सांगितलं.

त्यानं मला शिव्या द्यायला हव्या होत्या. मी त्याला न केलेल्या गोष्टीसाठी भर परसात बोललो होतो. त्याला तर हक्क होता. पण तो बोलला नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता. आठ दिवस मी त्याच्याकडे रागानं बघत होतो आणि तो म्हशीला पाणी पाजत होता.

पुढच्या रविवारी मुलगी आली. आम्ही तिला काही सांगितलं नव्हतं, शेकरू दुसरीकडे गेली एवढंच. जाताना तिनं माझ्या कॅमेऱ्यातले फोटो आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतले, मला कळलं नाही. दोन दिवसांनी माझा फोन सारखा वाजायला लागला. तिनं तो फोटो माझ्या नावानं ग्रुपवर टाकला होता.

काय उघडं शेकरू होतं ते. मिशा, नखं, पोटावरचा पिवळा रंग, डोळ्यातला उजेडाचा ठिपका, सगळं. ग्रुपवर माणसं तुटून पडली होती. कुणी टाळ्या, कुणी हार, कुणी लिहिलं की डोळ्यांत काय भाव आहे. त्या सल्ले देणाऱ्यानं लिहिलं होतं, "काका, मानलं तुम्हाला. एवढी मोकळी फांदी कुठे सापडली?"

मी परसाच्या पायरीवर बसून लिहिलं, "सापडली नाही. तोडून घेतली."

त्यावर पाच-सहा हसरे चेहरे आले. एकानं लिहिलं, काका भारी आहेत.

मुलीला माहीत आहे की मी गंमत करत नाही. तिचा फोन लगेच आला.

"बाबा, काय लिहिलंय तुम्ही? कसली फांदी तोडली?"

"किंदळीची. घरटं होतं त्यात. पिल्लू होतं."

मग तिचा आवाज चढला, अगदी माझ्यासारखा. "काकांनी ना? तुम्ही मागं म्हणाला होतात. तुम्ही एवढं भांडून वाचवलं होतंत, तरी शेवटी तोडलीच त्यांनी. पाल्यासाठी. मी आता त्यांनाच फोन करते."

समोर गोठ्यात अण्णा शेण काढत होता. त्याचा फोन त्याच्या बंडीच्या खिशात होता, आणि तिनं लावला असता तर त्यानं उचलला असता, आणि तिचं सगळं ऐकून घेतलं असतं. मी त्याला ओळखतो. मी न्हाई तोडली, असं तो म्हणालाच नसता.

"करू नको," मी म्हणालो. "अण्णानं न्हाई तोडली. अण्णानं वेणी बांधली होती. म्या तोडाय लावली, फोटोसाठी."

मी फोन ठेवला नाही. ती काही बोलेपर्यंत तो कानाला धरून पायरीवर बसून राहिलो.